हरवलेली पोथी आणि आत्याचं मेमरी कार्ड

२०२१ च्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी रात्री दीड वाजता मी माझ्याच हाताने आजीचा आवाज पुसून टाकला.

आजी आदल्या वर्षी गेली होती. २०१८ च्या दिवाळीत देऊळगाव राजाला घरी होतो तेव्हा मी तिच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. जातं कधीचंच परसात उपडं पडलेलं. पण हात फिरल्याशिवाय तिला ओवी आठवेना. म्हणून मी आणि बाबांनी ते उचलून ओसरीत आणलं आणि ती रिकामं जातं फिरवत गायली. चार दुपारी, एक्केचाळीस फाइली, मिळून साडेपाच तास. सगळं धरून जेमतेम तीनशे एमबी. एका सिनेमाला याहून जास्त जागा लागते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे पुण्याच्या फ्लॅटवर माझा स्वतःचा छोटा सर्व्हर होता. जुना डेस्कटॉप, त्यात दोन हार्ड डिस्क, आणि एका डिस्कवर लिहिलेलं तत्क्षणी दुसरीवर उमटेल अशी सोय. एक डिस्क गेली तरी दुसरी आहे, या भरवशावर मी निर्धास्त होतो. त्या रात्री जागा कमी पडत होती. ‘जुना फोन कॉपी’ नावाचं फोल्डर दिसलं. याची प्रत नक्कीच दुसरीकडे असणार, असं वाटलं आणि मी ते उडवलं. दुसऱ्या डिस्कनेही इमानदारीने त्याच क्षणी ते उडवलं. मग मोकळ्या जागेवर मी दुसरा डेटा ओतला.

दीड महिन्याने, पितृपक्षात, आत्याचा मेहकरहून फोन आला. “आईचा आवाज पाठव रे. आज ऐकावा वाटून राह्यला.”

मी शोधायला बसलो आणि मग मला कळलं.

दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत

माझी चूक काही नवी नव्हती. १९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधा, आणि त्यातली एखादी मेली तरी काम थांबणार नाही अशी रचना करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘रेड’ हे नाव तिथून आलं. दोन डिस्कांचा आरसा हा त्यातलाच सर्वांत सोपा प्रकार.

आरसा यंत्राच्या मरणापासून वाचवतो. मालकाच्या मूर्खपणापासून वाचवत नाही. मी पुसलं की तो पुसतो, व्हायरसने फाइली बिघडवल्या की तो बिघडलेल्या फाइली जपतो, आणि घरात चोर शिरला तर दोन्ही डिस्क एकाच पिशवीतून जातात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही असेल.

जे वाचलं ते माझ्यामुळे वाचलं नाही. दिवाळीनंतर मी कौतुकाने नऊ क्लिप घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकल्या होत्या. काकूने त्या तिच्या माहेरच्या ग्रुपवर पुढे धाडल्या होत्या, चुलत बहिणीने आपल्या फोनमध्ये साठवल्या होत्या. एक्केचाळीसपैकी नऊ परत मिळाल्या. दोन डिस्कांनी जे राखलं नाही ते फॉरवर्ड करणाऱ्या बायकांनी राखलं.

उरलेल्या बत्तीस फाइलींसाठी मी मेहकरला गेलो. पाया पडून आत्याला खरं काय ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आवाज गेला तो गेला. पण गाणं कुठं जाते? मायकडूनच शिकले ना मी. लाव तुह्यं मशीन.”

ती गायला लागली आणि पहिल्याच ओवीला मी अडखळलो. माझ्याकडे उरलेल्या नऊ क्लिपांमध्ये तीच ओवी आजीच्या आवाजात होती. आजीने भावाची वाट पंढरपूरच्या रस्त्याला पाहिली होती, आत्या ती जालन्याच्या रस्त्याला पाहत होती. मी म्हणालो, आजीने असं म्हटलं नव्हतं. आत्या म्हणाली, “मह्या पुढ्यात ती असंच म्हणे.”

खरं कोणतं? आत्याच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. महानुभाव पंथाचे उपदेशी. ते ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. ते हसले आणि म्हणाले, तुमचं तर लीळाचरित्रासारखं झालं.

म्हाइंभटाने काय केलं

शाळेत लीळाचरित्राबद्दल आपण एक ओळ पाठ करतो: मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ, लेखक म्हाइंभट. गुरुजींनी त्यांच्याकडची जाड प्रत माझ्या हातात दिली तेव्हा मी ती पहिल्यांदा उघडली. संपादक वि. भि. कोलते. हे कोलते आमच्याच बुलडाणा जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. जन्म १९०८ चा. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढलं.

गोष्ट अशी. तेराव्या शतकात, देवगिरीला यादवांचं राज्य असताना, चक्रधरस्वामी या मुलखातून पायी फिरले. लीळाचरित्रात आमच्या ओळखीची गावं भेटतात. मेहकर आहे, लोणार आहे. स्वामी निघून गेल्यावर मागे राहिलेल्या शिष्यांकडे लिहिलेलं असं काही नव्हतं. प्रत्येकाच्या मनात आपापली आठवण होती. नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले. अमरावतीकडच्या ऋद्धिपुरात, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटाने या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याच्यासमोर जी लीळा घडली त्याच्याकडे जायचं, ऐकायचं, उतरवायचं, आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी त्याची रचना झाली.

या कामात नागदेवाचार्यांचा एक आग्रह होता, तो मला फार आवडला. केशिराज हा त्यांचा संस्कृत जाणणारा शिष्य. त्याने संस्कृतात रचना करायला घेतली तेव्हा आचार्यांनी त्याला अडवलं. संस्कृतात लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, त्या याला मुकतील, असं त्यांचं कारण होतं. साडेसातशे वर्षांपूर्वी एक माणूस ‘हे कोणाला उघडता आलं पाहिजे’ असा विचार करतोय, आणि त्याच्या डोळ्यांसमोर पंडित नाहीत, म्हाताऱ्या आहेत.

मग संकट आलं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. पुढच्या वीस-बावीस वर्षांत स्वाऱ्यांवर स्वाऱ्या होऊन यादवांचं राज्य संपलं. या धामधुमीत पंथाचे लोक पांगले आणि पळापळीत लीळाचरित्राची मूळ पोथीच गेली, असं परंपरा सांगते.

माझ्या भाषेत सांगायचं तर मुख्य सर्व्हर गेला. पण ग्रंथ गेला नाही, कारण तो लोकांना पाठ होता. एकदा ऐकलेलं न विसरणारी म्हणून हिराइसा या बाईचं नाव परंपरेत येतं. तिच्यासारख्यांच्या आणि इतर शिष्यांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा उभं राहिलं. साहजिकच प्रत्येकाचं थोडं वेगळं. म्हणून आज लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ मिळतात, आणि कोलत्यांना अनेक हस्तलिखितं समोर ठेवून काम करावं लागलं.

मला खरी गंमत पुढे आहे. त्या लोकांनी हे फरक लपवले नाहीत. एखाद्याच्या आठवणीतल्या पाठाला ते ‘वासना’ म्हणत आणि पडताळून काढलेल्या माहितीला ‘शोध’. मजकुरातच नोंद असते की अमक्याची वासना अशी आहे, तमक्याचा शोध असा आहे. आम्ही प्रोग्रॅमर लोक कोडच्या प्रत्येक बदलाबरोबर ‘कोणी केला’ ते नोंदवतो, आणि ही शिस्त आपण शोधून काढली असं आम्हाला वाटत असतं.

आमच्या देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा नावाचं गाव आहे. संत चोखामेळ्याचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. ज्याला देवळाच्या आत जाऊ दिलं नाही त्याचे अभंग लोकांच्या तोंडी राहिले. अनंतभट नावाच्या माणसाने ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. तुकोबांची इंद्रायणीत बुडवलेली गाथा तर सगळ्यांना माहीत आहे. मराठीतलं पुष्कळसं मोलाचं असंच उरलंय: एक प्रत गेली तेव्हा दुसरी कोणाच्या तरी डोक्यात होती म्हणून.

मी आत्याशी वाद घालणं बंद केलं. त्या दिवसापासून फाइलींची नावं ‘आजी’, ‘आत्याची वासना’, ‘काकूची वासना’ अशी ठेवायला लागलो. पंढरपूरचा रस्ताही राहिला आणि जालन्याचाही.

सर्व्हर गावी न्यायचा ठरला

मेहकरच्या तीन खेपांत आत्याकडून सव्वीस ओव्यांची गाणी मिळाली. आता ती ठेवायची कुठे? पुण्यातला भाड्याचा फ्लॅट दर अकरा महिन्यांनी बदलतो. देऊळगाव राजाचं घर हलत नाही. जाधवरावांच्या आणि बालाजीच्या या गावात आमच्या चार पिढ्या एकाच गल्लीत आहेत. सर्व्हर तिथेच ठेवायचं ठरवलं.

क्लाउडवर का नाही, असं तुम्ही विचाराल. तीनशे एमबीला क्लाउड फुकटातही पुरतं, आणि ओव्यांची एक प्रत मी तिथे ठेवलीही आहे. पण आमच्या घराचे सगळ्यांचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ आणि बाबांच्या शेडनेटच्या नोंदी धरल्या तर आकडा एक टीबीच्या घरात जातो. त्याचं भाडं दर महिन्याला, जन्मभर. शिवाय खातं माझ्या नावावर. मी भरायचं थांबलो की संपलं.

मशीन म्हणून माझा जुना लॅपटॉप घेतला. नवा छोटा बोर्ड घेता आला असता, पण आमच्याकडे वीज जाते, आणि लॅपटॉपची बॅटरी हाच सर्वांत स्वस्त यूपीएस. त्याला दोन टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क जोडल्या. या वेळी आरसा केला नाही. पहिली डिस्क रोजच्या वापराची. दुसरीवर रोज रात्री पहिलीची प्रत जाते, पण जुन्या प्रती पुसल्या जात नाहीत: काल काय होतं, गेल्या महिन्यात काय होतं, हे परत काढता येतं. फक्त बदललेला भाग नव्याने साठवला जात असल्याने जागाही फार लागत नाही. मी उद्या पुन्हा रात्री दीड वाजता मूर्खपणा केला, तरी आदल्या रात्रीची प्रत जागेवर असेल.

फोटोग्राफर पीटर क्रोग याने सांगितलेला एक साधा नियम आहे. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. मी बाबांना तो समजावायला गेलो. बाबा शेडनेटमध्ये मिरची आणि काकडीचं बियाणं घेतात. आमच्या भागात बीजोत्पादन हा मोठा धंदा आहे. ते म्हणाले, “यात काय नवीन? बी एकाच कोठीत ठेवतं का कोणी?”

दुसरी कोठी मेहकरला. तिसरी डिस्क आत्याच्या कपाटात आहे. तिला इंटरनेटवरून भरायचा विचार मी केला आणि सोडला. आमच्या कनेक्शनचा वर जाणारा वेग दहा एमबीपीएस धरला तर एक टीबी जायला नऊ दिवसांहून जास्त लागतात, तेही मधे काही तुटलं नाही तर. एसटी अडीच तासांत पोचते. आता घरातलं कोणीही मेहकरला निघालं की डब्याच्या पिशवीत नवी भरलेली डिस्क जाते आणि येताना जुनी येते.

कुलूप

इथे मला निर्णय अडला. आत्याकडच्या डिस्कला कुलूप घालायचं का? तिच्यावर नुसत्या ओव्या नाहीत. सातबारे आहेत, आधारच्या स्कॅन प्रती आहेत, बाबांच्या हॉस्पिटलच्या फाइली आहेत. डिस्क एसटीत राहिली तर? म्हणून माझा हात आपोआप संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याकडे गेला. किल्लीशिवाय जगातला कुठलाही संगणक ती उघडू शकणार नाही, अशी.

तोवर मी गुरुजींचं पुस्तक बरंच वाचलं होतं. त्यामुळे थांबलो.

पुनर्रचनेनंतर महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला सुरुवात केली. त्यातली सर्वांत जास्त वापरलेली ती सकळ लिपी. तिचं कर्तृत्व चौदाव्या शतकातल्या रवळोबासांना दिलं जातं. सुंदरी लिपी, अंक लिपी अशा आणखीही होत्या. तत्त्व सोपं आहे. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा खूण लिहायची. समजा ‘क’च्या जागी ‘म’ आणि ‘म’च्या जागी ‘त’ असं सगळ्या वर्णमालेचं ठरवलं, की ज्याच्याकडे तक्ता नाही त्याला पान म्हणजे नुसता गोंधळ. कारणं अभ्यासक एकाहून जास्त सांगतात. विरोधकांचा द्वेष, काळाची अस्थिरता, पवित्र ग्रंथ भलत्या हाती पडू नयेत ही काळजी. नुकतीच मूळ पोथी गमावलेल्या लोकांची भीती मला समजते.

इंजिनिअर म्हणून बघितलं तर हे कुलूप कच्चं आहे. भाषेत काही अक्षरं वारंवार येतात आणि काही क्वचित. ती मोजली की असली लिपी फुटते, हे नवव्या शतकातच बगदादच्या अल किंदीने लिहून ठेवलं होतं. पण हातात पानंच आली नाहीत तर मोजणार काय? सकळ लिपीची ताकद गणितात नव्हती. पोथी दाखवायचीच नाही, या शिस्तीत होती.

आणि ती शिस्त टिकली. पंथ उत्तरेत पंजाबात गेला, तिथे ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखला गेला. पेशावर, काबूलकडे मठ झाले. मराठी पोथ्या तितक्या दूर पोचल्या. पीटर क्रोगच्या नियमाप्रमाणे पाहिलं तर याहून उत्तम व्यवस्था नाही: पुष्कळ प्रती, दूर दूर, कुलूपबंद. एकही शत्रू त्या सगळ्या एकदम नष्ट करू शकला नसता.

पण याची किंमत काय पडली? मराठीतलं सर्वांत जुनं मोठं गद्य मराठी वाचकांना जवळपास सहाशे वर्षं माहीतच नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या पिढीने पाठपुरावा केला आणि काही महंतांनी विश्वासाने किल्ली दिली, तेव्हा दार किलकिलं झालं. यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये आलं. १९३० च्या दशकात नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापायला घेतलं. मग कोलते. तोवर बाहेरच्या जगात या पंथाबद्दल ऐकीव अपप्रचार भरपूर साचला होता, आणि त्याला उत्तर देणारे ग्रंथ कुलपात होते. ज्या म्हाताऱ्यांसाठी आचार्यांनी संस्कृत नाकारलं, पंथाबाहेरच्या तशाच म्हाताऱ्यांपर्यंत ते मराठी पोचलंच नाही.

यात त्यांना दोष देणं मला जमत नाही. कुलपामुळे पोथ्या वाचल्या असंही म्हणता येतं. पण एक गोष्ट त्यांच्याकडे होती आणि माझ्याकडे नव्हती. त्यांची किल्ली शेकडो लोकांना ठाऊक होती आणि गुरूकडून शिष्याकडे जात होती. माझा पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात होता. पुणे-नगर रस्त्यावर एखाद्या रात्री माझं काही झालं असतं, तर आत्याच्या कपाटात एक सुंदर, अभेद्य, निरुपयोगी डबी राहिली असती.

म्हणून मी डिस्कचे दोन भाग केले. कागदपत्रांचा भाग कुलपात. त्याचा पासवर्ड मी कागदावर छापला, पाकिटात घातला, आणि ते पाकीट बाबांच्या लोखंडी कपाटात सातबारा आणि विम्याच्या कागदांसोबत ठेवलं. दुसरी प्रत धाकट्या भावाकडे. ओव्या आणि फोटोंचा भाग उघडा. ती डिस्क कोणाला एसटीत सापडली आणि त्याने माझ्या आजीची ओवी ऐकली, तर ऐकू दे.

रस्ता

आता पुण्याहून देऊळगाव राजातल्या लॅपटॉपपर्यंत पोचायचं कसं? यावर मी दोन शनिवार-रविवार घालवले.

जुना मार्ग म्हणजे घरच्या राउटरला एक दार पाडायचं आणि बाहेरून थेट आत यायचं. मी ते करायला गेलो तर दारच पडेना. कारण शोधलं तेव्हा आमच्या राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होत होता. याच्यामागेही इतिहास आहे. इंटरनेटचे जुने पत्ते बत्तीस बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४३० कोटी. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा एक पट्टा राखून ठेवला गेला. कंपन्यांनी शेकडो घरांना या आतल्या पत्त्यांवर ठेवायचं आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दाखवायचा. एका मोठ्या वाड्यात पन्नास बिऱ्हाडं असावीत, दिंडी दरवाजा एकच असावा आणि पोस्टमनला तेवढाच ठाऊक असावा, तसं. आतून बाहेर पत्र जातं, बाहेरून थेट आमच्या खोलीत येत नाही.

एका अर्थी बरंच झालं. पूर्वी मी पुण्यात असं उघडं दार ठेवलं होतं तेव्हा सकाळी नोंदी पाहिल्या, तर अनोळखी यंत्रांनी रात्रभरात शेकडो वेळा पासवर्ड लावून पाहिले होते. इंटरनेट हा असा रस्ता आहे की त्यावर प्रत्येक घराची कडी कोणीतरी सतत हलवून बघत असतं. दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरण्यासाठी आम्ही वापरतो ते एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडमध्ये तातू युलोनेन याने लिहिलं, तेही त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यावर.

उरले दोन पर्याय. एक, महिन्याला काही शे रुपये देऊन मुंबईत एखादं छोटं मशीन भाड्याने घ्यायचं. घरचा लॅपटॉप आतून त्याच्याकडे एक खाजगी बोगदा खणतो, मी पुण्याहून दुसरा खणतो, आणि मधे भेट. वायरगार्ड नावाची यासाठीची व्यवस्था २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. दोन, हाच बोगदा आपोआप जुळवून देणारी तयार सेवा घ्यायची. घरगुती वापराला ती फुकट मिळते, अर्ध्या तासात चालू होते, पण कोण कोणाशी जोडलं जाईल याची वही त्या कंपनीकडे राहते. मी दुसरा पर्याय घेतला, आणि पहिल्याची कृती कागदावर लिहून त्याच पाकिटात ठेवली. उद्या ती सेवा बंद झाली तर रस्ता बदलेल, सामान घरीच राहील.

मी आणि भाऊ, आमचं काम झालं. मग आत्याच्या फोनवर तेच बसवलं. एक बटण दाबायचं, वर किल्लीचं चिन्ह दिसलं की दुसरं बटण दाबायचं. आठ दिवसांनी फोन केला. आत्याने एकदाही उघडलं नव्हतं. “ते किल्लीचं मले नाही जमत बाबू,” ती म्हणाली. “अन् नेट कुठं असते इथं दुपारी.”

फोन ठेवल्यावर मला हसू आलं आणि लाजही वाटली. आठवडाभर मी तिच्यासाठी रस्ता बांधत होतो. तिला रस्ता नको होता. तिला प्रत हवी होती.

पुढच्या खेपेला मी बत्तीस जीबीचं एक मेमरी कार्ड घेऊन गेलो. सगळ्या ओव्या त्यावर, क्रमाने, कुलूप नाही, इंटरनेट नाही. ते कार्ड तिच्या छोट्या स्पीकरमध्ये बसतं आणि लाल बटण दाबलं की आजी गायला लागते. अशी आणखी पाच कार्डं करून काकूला, बहिणींना आणि गुरुजींना दिली. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आज त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या पानांवर कोणालाही वाचता-ऐकता येतात. आमच्या घरचं काम त्यापुढे चिमूटभर आहे. पण रीत तीच घ्यावी असं ठरवलं.

देऊळगाव राजाच्या ओसरीत, जात्याच्या शेजारी, तो लॅपटॉप अजून चालू आहे. बाबा रोज त्याच्यावरची धूळ पुसतात. मी पुण्याहून अधूनमधून डिस्कची तब्येत बघतो आणि दर दिवाळीला एक फाइल मुद्दाम जुन्या प्रतीतून काढून पाहतो, खरंच परत येते का ते.

परवा रात्री आत्याचा फोन आला. कार्ड नीट वाजतंय का, मी विचारलं.

“वाजते रे. पण अकरावी ओवी मी चुकीची सांगितली तुले. काल झोपता झोपता आठवलं. त्याच्यात माय दोन भावांचं नाव घे, मी एकाचंच घेतलं. लिहून घे.”

मी लॅपटॉप उघडला. जुनी फाइल तशीच ठेवली. खाली नवी ओळ घातली: आत्या, शोध.